देवघरातली सुई

अप्पा, तुम्हाला माझी लाज वाटत होती की काळजी, हे मला आजही ठरवता येत नाही. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. मी घरातली पहिली पदवीधर झाले, लातूरला नोकरी करते, तरी या प्रश्नापाशी येऊन माझं शिक्षण संपतं.

अकराव्या वर्षी मला शुगर निघाली. जन्मभर, रोज, जेवणाआधी इंजेक्शन. औशाला घरी आल्यावर तुम्ही एक रिकामी सुई आधी स्वतःच्या मांडीत टोचून बघितलीत. "मुंगी चावल्यावानी हाय," म्हणालात. मग मला देवघरात नेऊन दार लोटलंत. एकदा पाहुणे बसलेले असताना मी सुई घेऊन दारापर्यंत आले, तर तुम्ही मला आत ढकललंत. "बाहेर आणू नको म्हणलं न्हाई का तुला? पोरीची जात हाय." आणि पाहुण्यांना सांगितलंत, "पूजा केल्याबिगर घास घेत न्हाई ती."

ते खोटं माझ्यापेक्षा वेगाने वाढलं. गल्लीत मी भक्तीण झाले. शिवरात्रीचा निर्जळी उपास माझ्याच वाट्याला आला. दुपारी शुगर उतरून मी ओट्यावर कोसळले, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "अंगात आलंय, हात लावू नका." आईने घाईने तोंडात साखर कोंबली. त्या साखरेला लोक प्रसाद समजले. देवघराला खिडकी नाही, अप्पा. पण खरं सांगायचं तर ते कौतुक मला आवडत होतं. दार तुम्ही लोटलं होतं, कडी मी आतून लावत होते. हे कळायला मला इतकी वर्षं लागली.

मागच्या रविवारी उदगीरहून पाहुणे बघायला आले. मुलाची आई म्हणाली, "पूजा केल्याबिगर जेवत न्हाई म्हणं पोरगी. अशीच सून पाहिजे होती बाई." ताटं वाढली गेली. आईने डोळ्यांनीच देवघराकडे खुणावलं.

तुम्ही बसलेले असता तर मी मुकाट्याने आत गेले असते. तुम्ही नव्हतात. मी त्यांच्यासमोर सतरंजीवर बसूनच इंजेक्शन घेतलं.

"हे काय करायलीस गं?" मुलाच्या आईने विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं. मला पूजा येत नाही, हेसुद्धा.