करंजी घाटात बंद पडणारी गाडी

४ फेब्रुवारी, मंगळवार
बंद पडली! करंजी घाटात, ऐन चढाला. मागे उसाची ट्रॉली, तो ड्रायव्हर हॉर्नवर हातच ठेवून बसलेला. पिवळा दिवा लागला आणि गाडी गचके खात खलास. शेजारी माझे वडील, आण्णा, पाय सुजलेले. बऱ्याच वेळानं चालू झाली. नगरला पोचलो तर डायलिसिसचं त्यांचं मशीन दुसऱ्याला दिलेलं! नर्स म्हणाली, "वेळेवर यायचं असतं, मॅडम." मला काय हौस आहे? दुपारी उशिरा दोन तास मिळाले. नेहमी चार लागतात.

५ फेब्रुवारी
शेवगावात बिभीषण मेस्त्रींनी गाडीला स्कॅनर लावला. कोड — पी झिरो झिरो एट सेव्हन. "डिझेलचं प्रेशर कमी पडतंय, ताई. फिल्टर चोंदला असंल." फिल्टर बदलला, कोड पुसला, गावातून चक्कर मारली. मस्त पळाली! आण्णांना सांगितलं. ते गाडीकडे बघत राहिले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
परत तेच. तोच घाट, तोच मेला पिवळा दिवा! तासाभरानं आपोआप चालू झाली. तोवर आण्णांची मशीनवरची वेळ गेली. "घरी चल, बाई," आण्णा म्हणाले. फोन लावला — मंगळवारच्या आधी मशीन रिकामं नाही.

८ फेब्रुवारी
आण्णांना आडवं होता येत नाही. धाप लागते. मोरीत जाऊन रडले.

१० फेब्रुवारी, सोमवार
मेस्त्री म्हणाले, पंप खोलून नगरला पाठवू, तीन दिवस लागतील. माझा तोल गेला. "माझा बाप तीन दिवस काढणार नाही!" सगळं गॅरेज बघायला लागलं. बघू दे.

मेस्त्री खाली बसले. "ताई, नीट कधी चालती, ते सांगा." आठवून सांगितलं — डिझेल भरलं की वीस-पंचवीस किलोमीटर काही त्रास नाही. ते ताडकन उठले. मला गाडी चालवायला लावून स्वतः शेजारी बसले. तिसगावच्या पुढे गचके सुरू झाले. उतरून त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं — सुस्स! टाकीनं केवढी हवा ओढली! झाकणाला हवेचं बारीक भोक असतं, ते धुण्याच्या साबणानं बुजवलेलं. "हवाच न्हाई, तर डिझेल यायचं कसं?" सुईनं भोक मोकळं केलं. घाट चढून, उतरून आलो. कोड नाही! मेस्त्रींच्या पायाच पडणार होते.

ट्रॅक्टरची टाकी गळली की असा साबण लावतात. आमच्या घरात ट्रॅक्टरवाला एकच. आण्णांनी तीस वर्षं कारखान्याचा ऊस ओढला. घरी येऊन त्यांच्यावर ओरडले, "गळत नव्हतं तर हात कशाला लावलात? जिवावर बेतलं असतं!" त्यांनी मान खाली घातली. फार बोलले मी.

११ फेब्रुवारी, मंगळवार
गाडी एका सेल्फात चालू झाली. आण्णा ओट्यावरून उठेनात.

"गळतं म्हनून न्हाई लावला साबन. कारखान्याच्या तळावर आमी भोक बुजवून झोपायचो. कुनी ट्रॅक्टर पळवला तरी लांब जात न्हाई."

"आपली गाडी कोण पळवणार होतं, आण्णा?"

"तूच नेत हुतीस की मला. लई सोसलं. आता नको न्यू, बाई."

गाडी बंद केली. काय करू? उचलून घालू गाडीत? सातला निघायला लागतं. नऊ वाजलेत. त्यांच्याजवळच बसलेय.