मागून येणारी जीप

ता. ४ जानेवारी

चि. वन्सं हीस वहिनीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पोरीचा खोकला गेला हे वाचून जिवाला बरं वाटलं. आता माझं रडगाणं ऐक.

आमच्या एक्स-रे विभागाला खिडकी नाही, हे तू पाहिलंच आहेस. शिशाच्या दाराआड बसून दिवसभर लोकांना श्वास रोखून धरायला सांगायचं, ही माझी नोकरी. म्हणून यंदा मी आणि वॉर्डातल्या दोघी नर्सनी त्या ओसाड पठारावर चार दिवस पायी जायचं ठरवलं. ना झाड, ना वस्ती. पाणी फक्त दुसऱ्या मुक्कामाच्या झऱ्यावर. अशी चाल आयुष्यात पहिलीच, म्हणून वाट माहीत असलेला एक मेंढपाळही सोबत ठरवला.

तुझ्या दादाने ऐकलं आणि कंबर कसली. लिफ्ट तपासणारा माणूस तो. दोर तुटणारच असं धरून चालतो. आधी पाण्याच्या पिशव्या आणल्या, मग शिट्टी, मग सापांवरचं पुस्तक. नंतर कळलं, त्याने रजा टाकलीय आणि जीप ठरवलीय. ती पाणी घेऊन आमच्या मागून येणार, आणि तीत तो बसणार. त्या दोघींपैकी एकीला त्याने सापांबद्दल एवढं सांगितलं की तिने अंगच काढून घेतलं. चिडायचीही सोय नाही, कारण माझे नवे बूट तेल लावून मऊ करतो तोही तोच. बोलले तर कृतघ्न, न बोलले तर गुदमरते.

वेड्या वहिनीवरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
वहिनी

ता. ११ जानेवारी

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग हसू येईना. मी शाळेत जायचे तेव्हा दादा माझ्या बुटांना अशी गाठ मारायचा की संध्याकाळी नाडी कापावी लागे. नोकरी लागली तेव्हा साहेबांना भेटून, हिची खुर्ची पंख्याखाली नको, असं सांगून आला. कचेरीत सगळे मला 'पंखा' म्हणू लागले. पुढे मी बदली मागून इतक्या लांब आले. बढतीसाठी जाते, असं घरी सांगितलं. तो अजून तेच खरं मानतो.

जीपवरून वाद घालू नकोस, तो उद्या उंट आणेल. खरं काय ते सांग. मला ते जमलं नाही.

मोठ्या मनाने माया करतेस, तशीच करत राहा.

तुझी,
वन्सं

ता. २० जानेवारी

चि. वन्सं हीस अ. उ. आ.

रविवारी सांगितलं. तो जमिनीवर बसून जीपमध्ये न्यायच्या सामानाला दोऱ्या बांधत होता. मी म्हटलं, "मला तुझ्याशिवाय चालायचंय." त्याने दोरी खाली ठेवली. मग त्याने विचारलं, मी त्याला सोडून चाललेय का. मी म्हटलं, चारच दिवस. परत आले की दार तूच उघडायचंस. तो उठून गॅलरीत गेला. मला वाटलं, झालं. आता मीच समजूत काढणार, जीप येणार, आणि जन्मभर मी तिच्या पुढे चालत राहणार. उठलेही होते. पण उंबऱ्याशी थांबले. तिथे नुसतं उभं राहणं किती जड गेलं, काय सांगू.

सकाळी त्याने जीपवाल्याला नको म्हणून कळवलं. घरात अजून अबोलाच आहे. काल भाजी निवडताना मात्र त्याने एकदम विचारलं, तूही त्याच्यामुळेच लांब गेलीस का. ते मी कसं सांगणार? तुला लिहीन म्हणाला. त्याला खरं सांग, वन्सं. घाबरलाय, पण ऐकेल.

उद्या पहाटे आम्ही दोघी निघतो. एसटीच्या थांब्यापर्यंत येऊ का, असं त्याने आत्ताच विचारलं. विचारलं, वन्सं. मी हो म्हटलं.

लोभ आम्हा दोघांवरही असू दे.

तुझी,
वहिनी