दारावरची ग्रीक ओळ

बारी, ९ मे

प्रिय बाबा,

मी ठणठणीत आहे, नोकरीही शाबूत आहे. ग्रीकऐवजी इतिहास शिकवते, एवढंच. ऑपरेशननंतरचे थेंब डोळ्यांत वेळेवर घालता ना?

ग्रीकचा वर्ग फाउस्तोने बंद केला. हो, आईच्या हातचा पास्ता खात तुमच्याकडे ग्रीक शिकलेला आपलाच फाउस्तो! आता मुख्याध्यापक झालाय. म्हणतो, "ओर्नेल्ला, मेलेल्या भाषेला किती दिवस सलाईन लावायचं गं?"

आणि वर त्यालाच शाळेच्या नव्या दारावर कोरायला ग्रीक ओळ हवी होती, शोभेला! मी दिली. जी चूक केल्यावर तुम्ही त्याला शंभरदा लिहायला लावायचात, नेमकी तीच तिच्यात घातली. काल त्याने दारावर कोरलेली ती ओळ सगळ्यांसमोर खड्या आवाजात वाचली.

डोळे बरे झाले की शाळा बघायला या. फक्त मागच्या दाराने या.

तुमची,
ओर्नेल्ला