सांबरशिंगाच्या अकरा मुठी

२१ सप्टेंबर

आले! अकराच्या अकरा. मसाजीनं यंदा महिना लावला. एरवी पोळा झाला की धार लावायला, तेलपाणी करायला त्याच्याकडे देतो आणि आठ दिवसांत घेऊन येतो. "हात दुखून राहिला, डाक्टर." मी कसला डाक्टर! जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो, तेही रिटायर होऊन चार वर्षं झाली. पण बाळापूरला त्याच्या दुकानात बसलो की मी डाक्टरच.

टेबलावर पंचा अंथरून सगळे मांडले. घडीचे चाकू, प्रत्येकाला सांबरशिंगाची मूठ. धनगर मेंढ्या घेऊन दवाखान्यात यायचे, त्यांच्या खिशातून एकेक करून मागून घेतलेले. हट्टा गावच्या धनगराकडून आलेला, तो हट्ट्याचा, सगळ्यात जुना. मूठ बाहेरून तपकिरी, खडबडीत, आणि अंगठा टेकतो तिथे घासून घासून दुधी झालेली. ती जागा माझ्या अंगठ्यानं झालेली नाही. माझ्या आधी तीन माणसांनी तो चाकू बाळगला, मेंढरांची खुरं साफ केली, सुपारी कातरली. म्हणून तर तो हवा! नव्या चाकूला पातं असतं, बाकी काही नसतं.

ही दारातून म्हणाली, "झाली का भेट?" झाली.

२३ सप्टेंबर

फोनवर मसाजीचं पुन्हा तेच. माझ्या पुतण्यानं, परमेश्वरनं, उन्हाळ्यात माझ्या चाकूंचे फोटो मोबाइलवर टाकले. कुठल्या कुठल्या लोकांनी वाहवा केली. ते मसाजीला खुपतं. "जंगलवाले बघत असतेत. सांबराचं शिंग घरात ठेवनं गुन्हा हाये, डाक्टर."

मला माहीत नाही होय? पण सांबर मी मारलं नाही, माझ्या बापानं मारलं नाही. म्हणालो, मुठी कोणाला न्यायच्या असतील तर आधी माझा हात न्यावा लागेल. त्यानं फोन ठेवून दिला. हल्ली असाच मध्येच ठेवतो.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

लिहवत नाही.

२ ऑक्टोबर

काल चाकू पाटावर मांडले. हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली. ती कलली आणि पेटतं टोक हट्ट्याच्या मुठीला टेकलं. शिंग जळलं की केस जळल्यासारखा वास येतो. इथे प्लास्टिकचा वास! उचलेपर्यंत मूठ वितळून खळगा पडला होता — काळा, चिकट.

सुई तापवून बाकीचे दहा पाहिले. सगळे तसेच. पाती माझी, मुठी खोट्या.

रंग तोच. खडबड तीच. अंगठ्याची दुधी जागासुद्धा जिथल्या तिथे! वजन जुळावं म्हणून आत लोखंडाची पट्टी. दहा दिवस मी ते हातात घेऊन बसत होतो आणि माझ्या बोटांना कळलं नाही. चोरी झाली त्यापेक्षा याची लाज जास्त वाटते.

मसाजीशिवाय कोणाचा हातच लागलेला नाही. तीस वर्षांचा दोस्त! हिच्या आजारपणात आठ दिवस दवाखान्याच्या पायरीवर झोपलेला माणूस! आज दसरा. लोक सोनं घेऊन आले. मी बाहेर आलोच नाही.

३ ऑक्टोबर

बाळापूरला गेलो. सोयाबीनची काढणी चालू, त्यामुळे दुकानात विळे घेऊन माणसं दाटीनं बसलेली. मी हट्ट्याचा चाकू त्याच्या पुढ्यात टाकला. "माझ्या मुठी कुठे आहेत?"

त्यानं आधी लोकांकडे पाहिलं. "म्याच बदलल्या. घरी चला, बसून सांगतो."

"काहून बदलल्या ते इथंच सांग!"

"इथं न्हाई, डाक्टर."

इथं नाही! म्हणजे गिऱ्हाइकांसमोर चोर ठरायची भीती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, चोराच्या घरचं पाणी मी पीत नाही. एकजण हसला. मसाजी खाली मान घालून धार लावत राहिला. मी मिळाली ती एसटी धरून परत आलो.

४ ऑक्टोबर

त्याचा फोन. तीनदा. उचलला नाही.

५ ऑक्टोबर

आज दारात आला. हिला सांगितलं, घरी नाही म्हण. तिनं म्हटलं. तरी तो ओट्यावर बराच वेळ बसून राहिला. मी आत श्वास रोखून, आपल्याच घरात चोरासारखा!

तो गेल्यावर ही चिडली. "तीस वर्साचं मानूस हाये. ऐकून तर घ्याल!"

काय ऐकायचं? मुठी शहरातल्या कुणा शौकिनाकडे पोचल्या असतील. दरवर्षी मीच पिशवीत घालून त्याच्याकडे नेऊन द्यायचो. माझ्याइतका खुळा या कळमनुरीत दुसरा नसेल.

७ ऑक्टोबर

सकाळपासून एकच विचार. माझ्या घरात आता नुसतं प्लास्टिक आहे. मला कोण काय करणार? खरी शिंगं असलीच तर त्याच्याकडे.

जंगलवाल्यांच्या ऑफिसात फोन केला. स्वतःचं नाव सांगितलं नाही. आखाडा बाळापूर, मसाजीचं धार लावायचं दुकान, सांबराची शिंगं — बस. पलीकडच्या माणसानं पत्ता दोनदा विचारला. दोनदा नीट सांगितला.

पस्तावा? मुळीच नाही!

१० ऑक्टोबर

परमेश्वर बातमी घेऊन आला. काल मसाजीच्या दुकानाची झडती झाली. भात्यामागे पत्र्याचा डबा सापडला. त्याला घेऊन गेले. "काका, डब्यात शिंगाच्या मुठी व्हत्या म्हने. अकरा."

म्हणजे अजून विकल्या नव्हत्या. गिऱ्हाईक मिळालं नसेल.

बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

११ ऑक्टोबर

भागाबाई आली. मसाजीची बायको. उंबऱ्यातच बसली. "डाक्टर भाऊ, तुमी तिकडं येऊ नका. कोनी इचारलं तर आमची वळख बी सांगू नका. ह्यायनी सांगून धाडलंय."

श्रावणात जंगलवाल्यांची दोन माणसं साध्या कपड्यात दुकानात येऊन माझ्या चाकूंचे फोटो दाखवून गेली होती. हे कोणाचे? "ह्यायनी ठाऊक न्हाई म्हनलं. मंग महिनाभर बसून तशाच मुठी केल्या. तुमाला इचारलं असतं तर तुमी देल्या असत्या का?" खऱ्या जाळायच्या होत्या. दोनदा चूल पेटवली, दोनदा विझवली. "डाक्टरचा जीव हाये त्याच्यात, म्हनले." परवा झडतीत विचारलं तेव्हा "सगळ्या माझ्याच" म्हणून मसाजीनं स्वतःवर घेतलं.

पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं, "कोन्या मेल्यानं फोन केला असंल हो, भाऊ?"

मी म्हणालो, कोण जाणे.