सोळा जोड्यांचा उपास

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून प्रतिक्षाचं प्रोजेक्ट मी मनावर घेतलं. लेक एमएस्सीला असली तरी शिस्त घरातूनच लागते. शुक्रवारी सबमिशन. चुकलं तर वर्ष गेलं, अन् पुण्याच्या लॅबमधली नोकरीही गेली. तिच्या नांदेडच्या कॉलेजला सुट्टी, म्हणून प्रोजेक्टची यीस्टची बाटली इथं वसमतला, आपल्या घरी. म्हणलं, भिऊ नको, तुझी आई पहिल्या झटक्यात मॅट्रिक झालेली आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार
प्रतिक्षानं समजावलं. यीस्टच्या एका पेशीत क्रोमोसोमच्या सोळा जोड्या. एरवी नुसता गुंता. पण बीजं करायची वेळ आली की प्रत्येक क्रोमोसोमात एक कणा तयार होतो अन् बाकीचा धागा त्या कण्याला फाशा-फाशांनी लोंबतो. मग जोडीतले दोघं शेजारी येऊन चेन लावल्यासारखे चिकटतात, आपसात तुकडे बदलतात अन् वेगळे होतात. म्हणलं, कणा म्हणजे गजऱ्याचा दोरा. ती म्हणाली, बराबर! मला एकदाच सांगावं लागतं.

पण हे सगळं उपाशी ठेवल्यावरच. साखर दिसली की यीस्ट काम सोडून नुसतं वाढत बसतं. उपासाचं मला काय सांगावं? महिन्यात सात धरते.

दुपारी शेजारच्या भिकाबाईला सगळं शिकवलं. ती म्हणाली, वैनी, आता बाटलीलाही उपास धरायला लावून राहिल्या का? विज्ञान सगळ्यांना झेपत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार, पौर्णिमा. सकाळी ८
यीस्ट बिनसाखरेच्या पाण्यात बसलं. प्रतिक्षा पेशी रंगवायचा रंग आणायला बसनं नांदेडला. दहादा सांगून गेली, आई, नुसती हलवत राहा, काही टाकू नको. म्हणलं, मला सांगतीस व्हय?

हिशोबाच्या वहीत रकाने पाडले. वेळ, हलवलं, शेरा.

११ वाजता. हलवलं. शेरा: मलूल.

दुपारी १
सत्यनारायण झाला. सगळ्यांना तीर्थ दिलं. घरात असलेल्या कुणालाही तीर्थ चुकवायचं नसतं. बाटली देवघराशेजारीच आहे. निश्चय: काही टाकणार नाही.

१.२०
तीर्थ म्हणजे काही टाकणं नव्हे. कडक उपासालाही चालतं. जरासं पंचामृत दिलं.

संध्याकाळी ५
फेस आला! काय टवटवी! शेरा: उत्तम. प्रतिक्षाला आल्या आल्या दाखवलं. ती बाटली उजेडात धरून बघत बसली, जेवलीही नाही. दमली असेल.

६ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी ती बाटली घेऊन परत नांदेडला कॉलेजात गेली. दुपारी तिचा फोन. तिच्या प्रोजेक्टच्या सरांनी सुट्टीतही लॅब उघडून मायक्रोस्कोप दिला. कणे दिसंनात, जोड्या दिसंनात. पेशींना नुसते कोंब फुटलेत, अन् मधे मधे दह्यातल्यासारखे जंतू. सर म्हणाले, दही कुठून आलं? म्हणलं, नांदेडची हवाच खराब.

संध्याकाळी घरी आली. डोळे सुजलेले. म्हणाली, माझेच हात स्वच्छ नसतील, आई. मी तिला चहा करून दिला. एवढ्या दुःखात पोरीला आणखी तकलीफ काहून द्यायची? देवापुढं तासभर बसले. जप मोजताना तीनदा चुकले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी तिनं सरांना लिहिलेलं माफीचं पत्र वाचून दाखवलं. माझ्या निष्काळजीपणामुळे, इथवर आली. पुढं ऐकवेना. म्हणलं, पंचामृत मी घातलं.

तिनं पत्राची घडी घातली. मग म्हणाली, काहून, आई? तुला तर समदं समजलं व्हतं. म्हणलं, समजलं व्हतं गं. पूजेच्या दिवशी लेकरं उपाशी बघवंनात.

तिनं सरांना फोन लावला अन् माझ्या हातात दिला. सर रागावले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, आता सबमिशन पुढच्या जूनलाच. पुण्याला मी कळवतो. मग विचारलं, ताई, किती चमचे घातलं? रिपोर्टात लिहावं लागेल.

अर्धा, मी म्हणाले.

दोन होते.