पेअर ट्री कॉटेजचे आजवरचे मालक

१० जानेवारी १९९३, रविवार
अ‍ॅव्हरिल ख्रिसमसपासून लडलोला, बहिणीकडे. हवापालट. बायकांना मधूनमधून लागतो. संकल्प: ती परत यायच्या आत आपल्या घराचा सगळा इतिहास काढायचा, पहिल्या मालकापासून, आणि तिच्या हातात ठेवायचा. तिला इतिहासाची आवड आहे. निदान असावी.

१४ जानेवारी
हेरेफर्डच्या रेकॉर्ड ऑफिसात पहिला दिवस. तिथं पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. माझी मोडली. दिवस त्यातच गेला म्हणायला हरकत नाही. तरी १९२१चं खरेदीखत हाती लागलं. विकणारा टॉमस बेंगो, सफरचंदाची दारू, म्हणजे सायडर, गाळणारा. हा वेग पाहता महिनाअखेर मी सतराव्या शतकात असेन.

२३ जानेवारी
शेजारच्या गॉडसॉलबाई केक घेऊन आल्या. म्हणाल्या, "अहो यॅप, तुमच्या बायकोनं पियानोसुद्धा नेला. हवापालटाला कुणी पियानो नेतं का?" म्हटलं, आमच्याकडे ओल फार, पियानोला सोसत नाही. त्या "बरं" म्हणाल्या. त्या "बरं"चा सूर आवडला नाही. केकही कोरडाच.

४ फेब्रुवारी
मोठा दिवस! १७३१चं मृत्युपत्र सापडलं. तेव्हाचा मालक लिहितो: घर मुलाला. "माझी बायको हेस्टर हिला स्वयंपाकघरावरची खोली, चुलीपाशी बसण्याचा हक्क आणि बागेतली निम्मी नासपती, ती माझी विधवा राहील तोवर." किती विचारी माणूस!

लगेच अ‍ॅव्हरिलला फोन केला. वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "म्हणजे स्वतःच्याच घरात शेकायला परवानगी." भारावली होती. मग म्हणाली, "क्लेमेंट, मला तुला काही सांगायचंय." पण १७५८चं वाटणीपत्र सांगायचं राहिलं होतं, ते आधी सांगून घेतलं. तेवढ्यात तिला बहिणीनं जेवायला हाक मारली.

एकूण उत्तम प्रगती. दोन्ही बाबतींत.

१९ फेब्रुवारी
अ‍ॅव्हरिलच्या वकिलांचं पत्र. घराचे कागद बघायचे आहेत! म्हणजे तिनं त्यांनाही सांगितलं. इतका रस घेईल असं वाटलं नव्हतं. "विक्रीच्या संदर्भात" असे शब्द मध्येच आले आहेत. वकिलांची ठरीव भाषा. सूटला इस्त्री करायला हवी. इस्त्री कुठं ठेवते ती?

२६ फेब्रुवारी
वकिलांकडे बिनइस्त्रीचाच गेलो. बाहेर बाकावर निळ्या कोटातली, केस आखूड कापलेली एक बाई बसली होती. मी तिला गुड मॉर्निंग म्हणून पुढं गेलो. ती अ‍ॅव्हरिल होती.

वकिलांनी फाइल वरवर चाळली. "यॅपसाहेब, मागची पंधरा वर्षं पुरतात." म्हटलं, माझ्याकडे दोनशे बासष्ट आहेत. हसले नाहीत. घर दोघांच्या नावावर आहे, बाईंना विकायचंय, तुमची सही लागेल, नाहीतर कोर्ट. सगळं अगदी शांतपणे.

नंतर अ‍ॅव्हरिल माझ्या गाडीत येऊन बसली. तिच्या बसला अजून वेळ होता. मी तिला सगळे मालक सांगितले, ओळीनं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, "छान शोधलंस रे. खरंच."

मग विचारलं, घरी येतेस का? हे इतक्या दिवसांत विचारलंच नव्हतं, असं तोंडातून निघाल्यावर लक्षात आलं.

"नाही, क्लेमेंट."

रागानं म्हणाली असती तर समजूत घालता आली असती. म्हणाली, "त्या हेस्टरचा शब्द न् शब्द वाचायला तू तीस मैल गाडी हाकतोस. मी स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं तुझ्याशी बोलत होते. तू 'हं' म्हणायचास."

मी काहीतरी म्हणालो. बहुतेक "हं"च.

बस आली. तिनं माझी कॉलर सरळ केली आणि उतरली.

१ मार्च
निर्णय. सही करणार नाही.

३ मार्च
निर्णय कायम. गॉडसॉलबाई म्हणाल्या, "भिंती धरून ठेवून काय करणार हो?" म्हटलं, हा कायद्याचा प्रश्न आहे. त्यांनी माझी भांडी घासून दिली.

११ मार्च
सही केली.

२२ मे
आज ताबा. नवं जोडपं अगदी तरुण. तिला सातवा महिना असावा. एजंटचा माणूस उशिरा येणार होता, म्हणून किल्ल्या मीच दिल्या, आणि फाइल. मुलीनं उभ्याउभ्याच ती उघडली. मीच एजंटचा माणूस, असा तिचा समज झालेला दिसला. दुरुस्त केला नाही.

"किती माणसं राहून गेली हो इथं! आणि आमच्या अगदी आधीची? ती कशी होती?"

म्हटलं, यॅप म्हणून होते. बाई फार चांगल्या होत्या.

"आणि ते?"

म्हटलं, त्यांच्याविषयी अजून काही हाती लागलेलं नाही.