वरचं दूध

प्रिय आई,

तुझ्या लेकीचा आणि इवल्या नातीचा तुला नमस्कार.

बाळंतपण सुखरूप झालं. सुईणबाई शेवटपर्यंत माझी कंबर चोळत होत्या. टाकेसुद्धा पडले नाहीत. बाळ जन्मताच त्यांनी छातीशी दिलं आणि ती चोखायलाही लागली. मला वाटलं, गड सर झाला.

पण दूध पुरेना. पोर रडून रडून मलूल झाली, लंगोट कोरडे राहू लागले. यांनी पावडरीचा डबा आणला, तो मी कपाटात कोंबला. एवढं सगळं आपसूक झालं आणि आता डबा?

सुईणबाई आल्या. बाळाला पाहून म्हणाल्या, "आधी डबा काढ. पोटात गेलं तर अंगात जोर येईल, मग तुझंही ओढेल. आणि आजच डॉक्टरांना दाखवू."

डॉक्टरही तेच म्हणाले. आता आधी अंगावर घेते, मग वाटी-चमच्याने पाजते. काल लंगोट ओला झाला, तर हे नाचायचेच बाकी होते. तरी ती झोपली की मी नाकाशी बोट धरून श्वास बघते.

बाबांचा खोकला थांबला का?

मी वरच्या दुधावर वाढले, हे सांगताना तू मान खाली घालायचीस. आता घालू नकोस गं.

तुझी,
थोरली